रेखी सरांचं वक्तृत्व मंडळ

रेखी सरांनी मला बोलायला शिकवलं. नोकरीत असताना एखाद्या सभेत मी चार वाक्यं बोलले की कुणीतरी हमखास विचारायचं, "बाई, तुम्ही मूळच्या पुण्याच्या का?" मी नाही म्हणायचे. मी सुप्यापासून चार-पाच मैल आत असलेल्या गावात वाढले. माझ्या तोंडातले हे उच्चार एका माणसानं बसवलेत. कसे बसवले ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचं हायस्कूल म्हणजे पत्र्याच्या सहा खोल्या आणि पुढे मुरमाड मैदान. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मंडळं भरायची. ड्रिलचे मास्तर मैदानावर लेझीम घ्यायचे, चित्रकलेचे सर भित्तिपत्रक लावायचे, आणि टोकाच्या खोलीत रेखी सरांचं वक्तृत्व मंडळ भरायचं. लेझमीला कुणीही जावं. सरांच्या मंडळात मात्र सर घेतील तोच. सगळ्या शाळेतून दहा-बारा पोरं त्यांनी निवडलेली असायची, आणि त्यातली निम्मी दिवाळीपर्यंत गळायची.

सर तेव्हा चाळिशीचे असतील. उंच, वाळके, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट आणि पांढरा पायजमा. ग्रामपंचायतीच्या मागे एका खोलीत एकटेच राहायचे. बायको पुण्याला असते म्हणत. खरं-खोटं कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. खिशात खडीसाखरेची एक चपटी डबी असे. घसा साफ राहावा म्हणून ते एक खडा दाढेत धरायचे. फार खूश झाले तर डबी आपल्यासमोर उघडी धरायचे. मी नववीत मंडळात गेले त्या वर्षी ती डबी इतरांसमोर एकदाही उघडली नाही. फक्त कमल साळवेसमोर उघडली.

सर कधी ओरडायचे नाहीत. हात उगारलेला मी पाहिला नाही. पोरगं भाषण करता करता अडखळलं की ते आपल्या नखांकडे बघत एवढंच म्हणायचे, "पुढचा." मुलगी असली तर "पुढची." बस. त्याच शब्दात तुमचा तो शनिवार संपायचा. छड्या खाऊन हसणारी पोरं त्या एका शब्दानं रडत घरी जायची.

आम्ही सगळी शेतकऱ्यांची, मजुरांची पोरं. घरी 'हाय', 'न्हाई', 'व्हय'. सरांना ते सहन व्हायचं नाही. 'न'च्या जागी 'ण' आणि 'ण'च्या जागी 'न' झाला की त्यांचा चेहरा दात दुखल्यासारखा व्हायचा. त्या वर्षी, म्हणजे बहात्तर साली, पाऊस झालाच नाही. आदल्या वर्षीही जेमतेमच झाला होता. गावातल्या बहुतेक विहिरी तळाला गेल्या. शाळेतला माठ दुपारच्या आत रिकामा व्हायचा. सर मात्र मंडळासाठी स्वतः पाणी आणून एक छोटा माठ खोलीत ठेवायचे, त्यावर पितळी पेला पालथा. तासभर मोठ्यानं बोलून आमचे घसे सुकायचे. मग एकेकानं पुढे जायचं.

"काय हवं?"

"पानी, सर."

"पानी नाही आपल्याकडे."

"सर, त्या माठात..."

"माठात पाणी आहे. पानी नाही. पुढची."

पहिल्या शनिवारी मी तहानलेलीच घरी गेले. रस्ताभर जीभ टाळूला लावून 'णणण' करत होते. आठवडाभर म्हशीपाशी उभी राहून 'पाणी पाणी' घोकलं, तेव्हा दुसऱ्या शनिवारी मला पेला मिळाला.

कमल माझ्याच वर्गात होती. बौद्ध वस्तीवरची. तिची आई आमच्या विहिरीवर यायची, तेव्हा आमच्या घरातलं कुणीतरी पोहरा ओढून तिच्या हंड्यात वरून ओतायचं. तोवर ती काठापासून लांब बसून राहायची. आम्हांला त्यात वावगं वाटायचं नाही. त्याच कमलनं पहिल्याच शनिवारी माठाकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि म्हणाली, "पाणी." तो 'ण' असा वाजला की सर खुर्चीवरून उठले. त्यांनी स्वतः माठ कलता करून स्वतःचा पेला भरला आणि तिच्या हातात दिला. तिनं तोंड लावून तो रिकामा केला. मग त्याच पेल्यात सरांनी पाणी घेतलं आणि प्यायले. आम्ही सगळे बघत राहिलो.

ही गोष्ट गावभर झाली. दोन-चार माणसं हेडमास्तरांकडे गेली. सर म्हणाले, "ती मुलगी 'पाणी' म्हणते. तुम्ही म्हणून दाखवा." माणसं परत गेली. सरांना जात नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. जातीच्या जागी त्यांनी उच्चार बसवला होता, आणि तो ते जातीइतक्याच कडकपणे पाळायचे.

मोठ्याच्या पोराचीही त्यांनी कधी गय केली नाही. संस्थेच्या चेअरमनचा नातू विलास. स्नेहसंमेलनात ऐतिहासिक नाटक होतं आणि विलास राजा होता. देखणा होता, पाठांतरही चोख. तीन महिने तालीम झाली. पण वयच तसलं. संमेलनाच्या आठवड्यातच त्याचा आवाज फुटला. बोलता बोलता मधेच कोंबड्यासारखा वर जायचा. त्या दिवशी दुपारी चेअरमन, त्यांची मंडळी, पै-पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर येऊन बसले. पडदा उघडला तर सिंहासनावर दुसराच मुलगा. विलास दाराशी भाला धरून उभा, पहारेकरी. त्याला एक शब्दही बोलायचा नव्हता. सरांनी त्याला रंगपटात सांगितलं होतं, "आवाज फुटलेला राजा चालत नाही. पहारेकरी मुका चालतो." पुढच्या रांगेतून त्याच्या आत्यानं विचारलं, "आपला विल्या कुठंय?" आणि कुणीतरी भाल्याकडे बोट दाखवलं. पहिल्यांदा त्याच्या घरची माणसं हसली, मग सगळा मांडव हसला. विलास शेवटपर्यंत भाला धरून उभा राहिला. गाल ओले झाले होते, पण हात हलला नाही. नंतर कितीतरी दिवस तो वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा.

हेडमास्तर त्या वेळी सरांना म्हणाले होते, "अहो, निदान घरच्यांना आधी कल्पना द्यायची." सरांनी विचारलं, "नाटक चांगलं झालं की नाही?" नाटक चांगलंच झालं होतं.

हिवाळा संपला आणि दुष्काळ गावात मुक्कामाला आला. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं. अर्धं गाव तिथे खोदायला. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन माणसं दिवस काढत होती. कमलची आई कामावर जायची. कमल शाळा सुटली की थेट तिकडे. तिचा धाकटा भाऊ दगडू, आठ-नऊ वर्षांचा, आईची भाकरी घेऊन दुपारी जायचा. एका दुपारी भाकरी देऊन तो खोदलेल्या मुरमाच्या कडेला सावलीत झोपला. वरची कड सुटली. बायकांनी हातांनी मुरूम उकरला. दगडू सापडला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

कमल आठवडाभर शाळेत आली नाही. आठव्या दिवशी सर वस्तीवर गेले. गावातले दुसरे कुठले मास्तर तिकडे फिरकत नसत. सर तिच्या घरात जमिनीवर बसले, त्यांनी काळा चहा घेतला. तिच्या आईला वाटलं, मास्तर सांत्वनाला आले. ती त्यांच्यापुढे रडली. नगरला जिल्ह्यातल्या शाळांची वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय आला होता 'दुष्काळ आणि आम्ही', हे सरांनी उठताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी कमल शाळेत आली.

भाषण सरांनीच लिहिलं होतं. ते कमलला पाठ करायचं होतं, आणि ती आजारी पडली तर हाताशी दुसरं कुणी असावं म्हणून मलाही. म्हणून मी सगळ्या तालमींना होते. आरंभी कोरडी विहीर, मग गुरांच्या छावण्या, मग तलावाचं काम आणि शेवटी भाऊ. कमल तिथवर आली की तिचा आवाज बसायचा, डोळे भरायचे.

"थांब," सर म्हणायचे. "तू रडलीस की लोक तुझ्याकडे बघतात. भाषणाकडे कुणी बघत नाही. रडायचं ते ऐकणाऱ्यांनी. परत म्हण."

ती परत म्हणायची. दहा वेळा, बारा वेळा. त्या खोलीत तिचा भाऊ दिवसातून बारा वेळा मुरमाखाली जायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी तिचं रडणं थांबलं. आवाज सपाट, स्वच्छ, पाण्यासारखा. सरांनी डबी उघडून तिच्यासमोर धरली. तिनं खडा घेतला आणि तोंडात न टाकता मुठीत धरून ठेवला. संध्याकाळपर्यंत तिचा तळवा चिकट झाला होता.

मग नावाचा प्रश्न निघाला. भाषणात होतं, 'माझा धाकटा भाऊ दगडू'. सरांनी त्यावर रेघ मारली.

"दगडमातीच्या कामावर दगडू मेला म्हटलं की मागच्या बाकावरची मुलं हसतील," ते म्हणाले. "इथे आनंद घाल."

कमल त्या रेघेखालच्या नावाकडे बघत होती.

"ऐकू आलं का?"

"सर, त्याचं नाव दगडू व्हतं."

"होतं. व्हतं नाही. आता म्हण, 'माझा धाकटा भाऊ आनंद'."

तिनं म्हटलं.

नगरच्या स्पर्धेत कमल पहिली आली. मोठमोठ्या शाळांची, इस्त्रीच्या गणवेशातली मुलं होती. ही माझी एक जुनी ओढणी घेऊन गेली होती. तिचं भाषण संपलं तेव्हा सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेनात. फिरती ढाल आमच्या शाळेत आली. शाळा सुरू झाल्यापासून आलेलं ते पहिलंच बक्षीस. हेडमास्तरांनी सत्कार ठरवला. गावची मंडळी बोलावली आणि कमलच्या आईलाही पुढच्या रांगेत खुर्ची दिली. ती खुर्चीच्या कडेवर टेकून बसली होती. सत्कारात कमलनं तेच भाषण म्हणून दाखवायचं होतं.

तिच्या आईला भाषणात काय आहे ते माहीत नव्हतं. ते कुणी तिला सांगितलं नव्हतं. कमल उभी राहिली आणि बोलू लागली. तिची आई आधी नुसती कौतुकानं बघत होती. लेकीची ती भाषा तिला निम्मी समजत होती, निम्मी नाही. मग तलावाचं काम आलं, तशी ती ताठ झाली. आणि कमल म्हणाली, "माझा धाकटा भाऊ आनंद, त्या सावलीत जो झोपला, तो पुन्हा उठलाच नाही."

तिची आई उभी राहिली. मोठ्यानं नाही, घरात विचारावं तसं तिनं विचारलं, "कमळे, ह्यो आनंद कोन गं?"

कमलचे ओठ अर्धवट उघडे राहिले. सर बाजूला पडद्यापाशी उभे होते. त्यांनी हलक्या आवाजात तिला पुढचं वाक्य दिलं, "'त्याच्या उशाशी भाकरी तशीच...'"

कमलनं सरांकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आणि ती पुढे बोलू लागली. एकही शब्द गाळला नाही. सगळे 'ण' जागच्या जागी. आई उभीच होती, लेकीच्या तोंडाकडे बघत. भाषण संपलं, टाळ्या वाजल्या. आईनं पदर डोक्यावर ओढला आणि ती माणसांमधून वाट काढत निघून गेली. सत्काराचा हार कमलच्या गळ्यात पडला तेव्हा आईची खुर्ची रिकामी होती.

सोमवारी कमल आली नाही. त्या आठवड्यात आलीच नाही. पंधरवड्यावर पुण्याची स्पर्धा होती; जिल्ह्याजिल्ह्यांत पहिल्या आलेल्या शाळांनी तिथे आपला वक्ता पाठवायचा होता. सर मला घेऊन वस्तीवर गेले. मैत्रीण बरोबर असली तर पोरगी ऐकेल, असं त्यांना वाटलं असावं. तिच्या आईनं या वेळी आत बोलावलं नाही. ती चुलीपुढे पाठ करून बसून राहिली. कमल दारात आली.

सर म्हणाले, "पुण्याला जायचं आहे. उद्यापासून तालीम."

"मी न्हाई येनार."

मला वाटलं, आता ते समजावतील, किंवा माफी मागतील, किंवा निदान तिच्या आईशी दोन शब्द बोलतील.

"न्हाई येनार नाही," सर म्हणाले. "नाही येणार."

कमल उंबऱ्यात सरळ उभी राहिली. तिनं श्वास घेतला, जसा व्यासपीठावर घ्यायची तसा. "मी नाही येणार, सर," ती म्हणाली. इतकं शुद्ध वाक्य मी त्याआधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग तिनं दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर सर पुढे आणि मी मागे. आम्ही ओढ्याचा कोरडा पाट ओलांडला. मग सर मागे वळून न पाहताच म्हणाले, "पुढची."

मला कळायला थोडा वेळ लागला. पुढची मी होते.

मी नाही म्हणायला हवं होतं. मी पंधरा वर्षांची होते, सरांना भीत होते, ही कारणं खरी आहेत. पण त्याहून खरं कारण हे की मला पुण्याला जायचं होतं. कमल असताना मी कायम दुसरी होते. तालमीत सरांनी कमलसाठी केलं होतं तेच माझ्यासाठी केलं. फक्त मला रडू आवरायला शिकवावं लागलं नाही. माझा भाऊ घरी गोट्या खेळत होता. पुण्याच्या त्या मोठ्या सभागृहात मी 'माझा धाकटा भाऊ आनंद' म्हटलं तेव्हा माझा आवाज जराही हलला नाही. पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे टिपले. मला पहिलं बक्षीस मिळालं, पितळेची ढाल. एका परीक्षकबाईंनी मला पोटाशी धरलं आणि विचारलं, "बाळ, आई आता कशी आहे गं?" मी म्हणाले, "बरी आहे." सर शेजारीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

कमल पुन्हा शाळेत आली नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, राहात्याकडे कुठेतरी, एवढंच कानावर आलं. सरही त्या उन्हाळ्यात शाळा सोडून गेले. कुठे गेले ते हेडमास्तरांनाही नीट सांगता आलं नाही. जाईपर्यंत ते रोज वर्गावर येत होते, शिकवत होते, पण मी मान वर करून त्यांच्याकडे पाहत नव्हते. म्हणून मी सरांना शेवटचं पाहिलं ते पुण्याहून परत येतानाच, असं मी धरते.

सकाळच्या एस.टी.नं आम्ही परत निघालो होतो. ढाल माझ्या मांडीवर. सुपं जवळ आलं तशी गाडी थांबली. रस्त्याचं काम चालू होतं, एकाच बाजूनं वाहनं सोडत होते. तलावाचं काम बंद पडल्यावर आमच्या गावच्या बऱ्याच बायका त्या रस्त्यावर खडी फोडायला जात. खिडकीतून पाहिलं तर दहा पावलांवर कमल आणि तिची आई. दोघींपुढे दगडांचा ढीग, दोघींच्या हातांत हातोडे.

सरांनीही त्यांना पाहिलं. ते उठले, माझ्या मांडीवरची ढाल घेतली आणि खाली उतरले. कंडक्टर काहीतरी म्हणाला, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते त्या दोघींसमोर जाऊन उभे राहिले.

"ही कमलची आहे," ते म्हणाले. "भाषण तिचं होतं."

कमलनं मान वर केली नाही. हातोडा चालूच ठेवला. तिच्या आईनं हात लुगड्याला पुसले, ढाल घेतली आणि उलटसुलट करून पाहिली.

"पुन्याला कोन बोललं हे?" तिनं विचारलं.

तिनं गाडीकडे पाहिलं, खिडकीत मी दिसले.

"सुमन बोलली व्हय?"

मला मागे सरकता आलं नाही. मी मान हलवली.

ती उठून खिडकीखाली आली. मला वाटलं आता ती शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. तिनं ढाल दोन्ही हातांनी वर करून माझ्या हातात दिली. मग माझ्या तोंडाकडे पाहत काळजीनं विचारलं, "तुजा भाऊ बरा हाय न्हवं, पोरी?"

"हाय," मी म्हणाले.

"मग बरं," ती म्हणाली आणि पुन्हा ढिगाजवळ जाऊन बसली.

कंडक्टरनं घंटा दिली. सर चढले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. गाडी हलली. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल. त्यांनी ढाल माझ्या हातातून आपल्याकडे घेतली. तिच्या पितळेवर कमलच्या आईच्या बोटांचे ठसे उमटले होते, खडीच्या धुळीचे, पाचही बोटं स्वच्छ दिसत होती. सरांनी खिशातून घडी केलेला पांढरा रुमाल काढला, तोंडाची वाफ दिली आणि सुपं येईपर्यंत एकेक बोट पुसून काढलं.